अधिकार नसलेले कार्यालय: व्हाइट हाउसमधील हवामान धोरणाची चार वर्षे

सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, जो बायडेन यांनी २०२१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये देशांतर्गत हवामान धोरणासाठी जे स्वतंत्र कार्यालय उघडले, त्याच्याकडे ना नियम करण्याचा अधिकार होता, ना वाटायला निधी. मग ते खात्यांकडून कामे कशी करून घेत असे, आणि चार वर्षांनी एका सहीने बंद झाल्यावर त्याचे मागे काय उरले? भारतात पंतप्रधानांच्या जवळ असे कार्यालय असावे का, हाही प्रश्न तिने शेवटी जोडला आहे. ऊर्जा आणि पर्यावरण नियमनाच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली, त्यांतील बरीचशी वॉशिंग्टनमध्ये, टेबलाच्या कधी या तर कधी त्या बाजूला. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

अशा कार्यालयाची सगळी ताकद वेळापत्रकात असते. कोणता वाद कोणत्या तारखेपर्यंत मिटला पाहिजे आणि मिटला नाही तर तो कोणासमोर जाईल, हे ठरवण्याची मुभा त्याला असते. याहून अधिक काही नसते. त्याच्या कामापैकी टिकते तेवढेच, जे त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी हाती, म्हणजे कायद्यात, करारात किंवा एखाद्या उद्योगाच्या ताळेबंदात, वेळीच सोपवलेले असते. बाकीचे त्याच्याबरोबर जाते.

हे कार्यालय २७ जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांनी सही केलेल्या १४००८ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाच्या (संसदेच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्ष केवळ आपल्या सहीने काढतो तो आदेश) २०२ व्या कलमाने अस्तित्वात आले. कलम लहान आहे. देशांतर्गत हवामान धोरण ठरवण्याच्या प्रक्रियेत समन्वय राखणे, त्या विषयावर राष्ट्राध्यक्षांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात समन्वय राखणे, निर्णय आणि कार्यक्रम त्यांनी जाहीर केलेल्या उद्दिष्टांना धरून आहेत की नाहीत हे पाहणे, आणि अंमलबजावणीवर लक्ष ठेवणे, एवढीच कामे त्यात सांगितली आहेत. सरकारी कागद वाचताना मी आधी क्रियापदे पाहतो. येथे एकही क्रियापद असे नाही की ज्याच्या जोरावर एखाद्या खात्याची फाईल अडवता किंवा मंजूर करता येईल. पुढच्या कलमाने राष्ट्रीय हवामान कृती गट नेमला. त्यात २१ खात्यांचे आणि संस्थांचे प्रमुख होते, व अध्यक्षपद हे कार्यालय चालवणाऱ्या राष्ट्रीय हवामान सल्लागाराकडे होते. पहिल्या सल्लागार जिना मॅकार्थी या ओबामांच्या काळात, २०१३ ते २०१७ या वर्षांत, पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, प्रमुख होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या जागी त्यांचेच उपसल्लागार अली झैदी आले. आंतरराष्ट्रीय वाटाघाटी जॉन केरी यांच्याकडे होत्या आणि त्यांचे दालन परराष्ट्र खात्यात होते, हेही ध्यानात ठेवावे, कारण अनेकजण या दोन पदांची गल्लत करतात.

अधिकार या कार्यालयाकडे का नव्हते, याचे उत्तर अमेरिकी राज्यव्यवस्थेत आहे. तेथे काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, कायदा करते तेव्हा अधिकार बहुधा थेट खात्याच्या प्रमुखाला देते. मोटारींच्या धुराचे किंवा वीज केंद्रांच्या उत्सर्जनाचे नियम स्वच्छ हवा कायद्याखाली ईपीएचा प्रमुख करतो. समुद्रातील भाडेपट्टे अंतर्गत व्यवहार खात्याचा (केंद्राच्या जमिनी आणि समुद्र सांभाळणारे खाते, आपल्या गृहखात्यासारखे नव्हे) मंत्री देतो. नियमाच्या अखेरीस सही त्याचीच असावी लागते आणि न्यायालयात त्यालाच सांगावे लागते की हा निष्कर्ष अभिलेखातील पुराव्यावरून आपण काढला. ‘व्हाइट हाउसने सांगितले म्हणून केले’ असा एक कागद जरी विरोधी वकिलाच्या हाती पडला, तरी तो नियम मनमानी ठरण्याची भीती असते. म्हणून सल्लागार कार्यालयातील मुरलेली माणसे नियमाच्या मजकुराविषयी लेखी फार कमी बोलतात आणि तारखांविषयी फार जास्त बोलतात. महत्त्वाचा मसुदा प्रसिद्ध होण्याआधी राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या नियमन-परीक्षण विभागाकडे जातो, तेथे साधारणपणे ९० दिवसांची मुदत असते, आणि राष्ट्राध्यक्षांच्या बाजूची मते खात्यापर्यंत पोचवण्याचा राजमार्ग तोच आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण समन्वय हा शब्द ऐकायला फिका वाटतो.

कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर मॉरो बे नावाचे गाव आहे. तेथे वारा चांगला आहे, आणि जुने बंद पडलेले वीज केंद्र व जवळचे डायब्लो कॅन्यन अणुवीज केंद्र यांच्यामुळे वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या तारा आधीपासूनच किनाऱ्यापर्यंत आलेल्या आहेत. समुद्र मात्र इतका खोल आहे की तळाला खांब रोवता येत नाहीत, तरंगत्या पवनचक्क्याच लागतात. या अडचणीवर तंत्रज्ञ मार्ग काढू शकत होते. खरा अडसर संरक्षण खात्याचा होता, कारण त्या पट्ट्यात नौदल आणि हवाई दलाच्या कवायती चालतात आणि खात्याचे म्हणणे वर्षानुवर्षे असे होते की येथे पवनचक्क्या नकोत. अंतर्गत व्यवहार खाते भाडेपट्टा देऊ शकत होते, पण लष्कराची हरकत डावलून तो द्यायला कोणताही मंत्री धजावत नाही. लष्कराला घाई नव्हती. मत्स्यव्यवसायाची आणि सागरी जीवांची बाजू वाणिज्य खात्याकडे, राज्याचे म्हणणे राज्यपालांकडे. अशा ठिकाणी प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो आणि फाईल दहा वर्षे हलत नाही.

मार्च २०२१ मध्ये अंतर्गत व्यवहार, ऊर्जा आणि वाणिज्य या तीन खात्यांनी मिळून २०३० पर्यंत ३० गिगावॉट सागरी पवनऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्ट जाहीर करण्याचा खरा उपयोग येथे दिसतो. आकडा गाठला जाईलच असे नसते, आणि हा गाठला जाण्याची चिन्हेही नाहीत. पण आकडा जाहीर झाला की हरकत घेणाऱ्या खात्यावर पर्याय सुचवण्याची जबाबदारी येते. ‘येथे नको’ म्हणणाऱ्याला ‘मग कोठे?’ असे विचारण्याचा हक्क मिळतो, आणि तो प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या शेजारच्या इमारतीतून आला की उत्तर द्यावे लागते. २५ मे २०२१ रोजी तोडगा जाहीर झाला: मॉरो बेच्या वायव्येला ३९९ चौरस मैलांचा, म्हणजे सुमारे १,०३० चौरस किलोमीटरचा पट्टा, ज्यातून ३ गिगावॉट वीज मिळू शकेल असा अंदाज होता, आणि त्याच्या जोडीला राज्याच्या उत्तर टोकाचा हम्बोल्ट पट्टा. ही घोषणा मॅकार्थी, अंतर्गत व्यवहार मंत्री डेब हालंड, संरक्षण खात्याचे उपमंत्री कॉलिन काल आणि राज्यपाल गॅव्हिन न्यूसम या चौघांच्या नावाने झाली. या चौघांपैकी भाडेपट्ट्यावर सही करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या खात्याकडे होता, आणि ती व्यक्ती मॅकार्थी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये पाच पट्ट्यांचा लिलाव झाला आणि सुमारे ७५ कोटी ७० लाख डॉलरची बोली आली.

मोटारींच्या बाबतीतही तोच क्रम होता. ५ ऑगस्ट २०२१ च्या आदेशात २०३० पर्यंत नव्या मोटारींपैकी निम्म्या शून्य-उत्सर्जनाच्या असाव्यात असे उद्दिष्ट आले, फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस यांचे प्रतिनिधी आणि कामगार संघटना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उभ्या राहिल्या, आणि बंधनकारक नियम नंतर ईपीएने आपल्या सहीने काढला.

न्यायालये आणि काँग्रेस यांच्यासमोर मात्र हे वेळापत्रकाचे हत्यार बोथट होते. ज्या आदेशाने कार्यालय जन्माला आले, त्याच आदेशाच्या २०८ व्या कलमाने केंद्राच्या जमिनीवरील आणि समुद्रातील नवे तेल-वायू भाडेपट्टे थांबवले होते. जून २०२१ मध्ये लुइझियानातील एका केंद्रीय न्यायाधीशाने त्या थांबवण्याला मनाई केली. वीज क्षेत्रासाठी या मंडळींचा मुख्य भरवसा एका अशा योजनेवर होता की जी वीज कंपन्यांना दरवर्षी स्वच्छ विजेचा वाटा वाढवल्याबद्दल पैसे देईल आणि न वाढवल्यास दंड करील. बायडेन यांच्याच पक्षाचे, पण ज्यांच्या मताविना सिनेटमध्ये बहुमत होत नव्हते असे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन यांनी विरोध केला आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ती बायडेन यांच्या मोठ्या खर्च विधेयकातून वगळली गेली. डिसेंबरमध्ये त्यांनी संपूर्ण विधेयकालाच नकार दिला. ३० जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध ईपीए या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की वीजनिर्मितीच कोळशावरून दुसरीकडे वळवणारा नियम ईपीएला विद्यमान कलमाखाली करता येणार नाही. ज्या नियमाविषयी हा खटला होता तो २०१५ चा ओबामाकालीन नियम मॅकार्थी यांनीच काढलेला होता आणि तो एक दिवसही अमलात आलेला नव्हता, ही गोष्ट मला नेहमी उदास करते.

त्यानंतर चारच आठवड्यांनी, २७ जुलैला, मँचिन आणि सिनेटमधील बहुमताचे नेते चक शूमर यांनी नव्या, लहान विधेयकावर समझोता झाल्याचे जाहीर केले. ७ ऑगस्टला सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० अशी मते पडली, त्यातले ५१ वे उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचे, आणि १६ ऑगस्ट २०२२ रोजी महागाई घट कायद्यावर (इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट) सही झाली. ऊर्जा आणि हवामानासाठी त्यात सुमारे ३६९ अब्ज डॉलरची तरतूद धरली होती. अंतिम बोलणी सिनेटच्या दोन दालनांत झाली आणि हवामान कार्यालय त्या खोलीत नव्हते. तरीही कोणत्या तंत्रज्ञानाला कोणती करसवलत, किती वर्षे, कोणत्या अटींवर, याची दीड वर्षाची पूर्वतयारी सरकारी यंत्रणेत झालेली नसती, तर चार आठवड्यांत शेकडो पानांचे विधेयक उभे राहिले नसते. श्रेय मोजण्याचा नाद असलेल्यांना हे काम दिसत नाही, कारण ते दिसण्यासाठी केलेले नसते.

कायदा झाल्यावर जे घडले त्याबद्दल माझे मत थोडे कडू आहे. पैसे वाटण्याची देखरेख व्हाइट हाउसचे जुने सल्लागार जॉन पोडेस्टा यांच्याकडे वेगळ्या कार्यालयात गेली. त्याआधीच पर्यावरण गुणवत्ता परिषद, राष्ट्रीय आर्थिक परिषद, देशांतर्गत धोरण परिषद आणि अर्थसंकल्प कार्यालय त्याच आवारात होती. एका विषयावर इतके समन्वयक झाले की त्यांच्यात समन्वय कोण करणार, हा प्रश्न विनोदाचा राहिला नाही. २०२४ मध्ये केरी गेल्यावर पोडेस्टांनी त्यांचेही काम घेतले. शिवाय मूळचीच एक विसंगती होती. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या किंवा आर्थिक परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी सर्व खात्यांची मते निष्पक्षपणे राष्ट्राध्यक्षांपुढे मांडावीत अशी अपेक्षा असते. हवामान कार्यालयाला मध्यस्थ आणि पक्षकार या दोन्ही भूमिका एकाच वेळी कराव्या लागत. संरक्षण किंवा वाणिज्य खात्याचा मंत्री त्या टेबलावर येतो तेव्हा त्याला ठाऊक असते की बैठकीचे टिपण लिहिणारा आधीच एका बाजूला आहे.

आणि ती बाजू नेहमी जिंकत नसे. २०२२ च्या वसंतात पेट्रोलचे भाव चढले तेव्हा ३१ मार्चला बायडेन यांनी राखीव साठ्यातून १८ कोटी पिंपे तेल बाजारात आणण्याची घोषणा केली. जूनमध्ये सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता आणि त्या महिन्यात उत्सर्जनाचा आलेख घेऊन कोणी ओव्हल ऑफिसात जाईल ही अपेक्षाच चुकीची. मार्च २०२३ मध्ये अलास्कातील विलो तेल प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

बंद होण्याची गोष्ट सांगताना आधी जुना इतिहास सांगावा लागेल, कारण हे पहिल्यांदा घडलेले नाही. ओबामांनी २००९ मध्ये असेच कार्यालय कॅरोल ब्राउनर यांच्यासाठी उघडले होते. मे २००९ मध्ये मोटार कंपन्या, केंद्र आणि कॅलिफोर्निया यांच्यात इंधन-कार्यक्षमतेचा समझोता घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. उत्सर्जन मर्यादेचे विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी पार पडूनही पुढच्या वर्षी सिनेटमध्ये अडकले, नंतर निवडणुकीत प्रतिनिधिगृह हातचे गेले, २०११ च्या सुरुवातीला ब्राउनर बाहेर पडल्या, आणि त्याच एप्रिलच्या खर्च विधेयकात काँग्रेसने अशा ‘झार’ पदांवर पैसा खर्च करण्यास बंदी घातली. ज्याच्याकडे सैन्य नाही, खजिना नाही आणि सहीचा अधिकारही नाही, त्याला अमेरिकी वृत्तपत्रे झार म्हणतात, हा त्या भाषेचा खोडसाळपणा समजावा.

याच्या उलट पर्यावरण गुणवत्ता परिषद पाहा. ती राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने स्थापन झाली आहे. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ती गुंडाळून तिच्या जागी व्हाइट हाउसचे पर्यावरण कार्यालय आणायचे ठरवले, काँग्रेसने मान्यता दिली नाही, आणि अखेर नवे कार्यालयच जुन्या परिषदेत विलीन झाले. मात्र ‘कायद्याने स्थापन केले की टिकते’ असे म्हणून थांबता येणार नाही. राष्ट्रीय आर्थिक परिषद त्याच १९९३ सालात केवळ कार्यकारी आदेशाने झाली आणि दोन्ही पक्षांच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने ती आजवर ठेवली आहे, कारण आर्थिक खात्यांची भांडणे मिटवणारे कोणीतरी प्रत्येकालाच लागते. हवामान कार्यालय एका उद्दिष्टाच्या नावाने उघडलेले होते. उद्दिष्ट न मानणारा राष्ट्राध्यक्ष आला की त्याला त्याची गरज उरत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी १४००८ क्रमांकाचा आदेश रद्द केला. त्याच दिवशीच्या वेगळ्या निवेदनाने समुद्रातील नव्या पवन भाडेपट्ट्यांचा मार्गही बंद केला. मॉरो बेचे आधी दिलेले पट्टे तेव्हा तरी कागदावर राहिले. पुढच्या परवानग्या देणारा हात आखडला.

मग उरले काय? येथे मी तीन थर वेगळे करतो. आदेशांतून आलेले जवळजवळ सगळे गेले: कृती गट, वंचित वस्त्यांना लाभाचा ४० टक्के वाटा देण्याचे धोरण, तरुणांचे हवामान दल. कायद्यातून आलेले अर्धवट उरले. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने विद्युत मोटारींची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपवली, पवन आणि सौर प्रकल्पांसाठी मुदती कडक आखडल्या. पण बॅटरी साठवण, अणुऊर्जा आणि कारखान्यातील उत्पादनाच्या सवलती, कापलेल्या आणि नव्या अटींनी जखडलेल्या का होईना, चालू राहिल्या. याचे कारण भूगोलात आहे. कारखाने मोठ्या संख्येने रिपब्लिकन मतदारसंघांत उभे राहिले होते, आणि ऑगस्ट २०२४ मध्येच त्या पक्षाच्या १८ प्रतिनिधींनी सवलती सरसकट काढू नयेत असे पत्र आपल्या सभापतींना दिले होते. तिसरा थर सर्वांत पक्का निघाला आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते: वातानुकूलन यंत्रांतील एचएफसी या पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंची ८५ टक्के कपात २०३६ पर्यंत करण्याचा कायदा. तो मुळात डिसेंबर २०२० चा, ट्रम्प यांच्याच सहीचा. ईपीएने २०२१ मध्ये नियम केले, सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटने याच वायूंच्या कपातीच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे किगाली दुरुस्तीला, ६९ विरुद्ध २७ मतांनी संमती दिली. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनाच हा बदल हवा होता. मुदतींत ढील देण्याचे प्रयत्न झाले तरी कायदा जागेवर आहे.

भारताविषयीचा प्रश्न. आपल्याकडे २००७ मध्ये पंतप्रधानांची हवामान बदल परिषद झाली, श्याम सरन पंतप्रधानांचे विशेष दूत होते, आणि ३० जून २००८ ला आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. प्रत्येक अभियान त्या त्या मंत्रालयाकडे दिले गेले. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी असते आणि पंतप्रधान कार्यालय व मंत्रिमंडळ सचिव हा समन्वय रोजच करतात, त्यामुळे वॉशिंग्टनसारखी पोकळी दिल्लीत तितकीशी नाही. आपली पोकळी केंद्र आणि राज्य यांच्यामध्ये आहे. वीज वितरण, पाणी, शेती, नगररचना ही कामे राज्यांच्या हाती. महाराष्ट्रात २०२० मध्ये पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले, परंतु विजेचे दर नियामक आयोग ठरवतो, कृषिपंपांच्या थकबाकीचा निर्णय मंत्रिमंडळात होतो आणि पाणी जलसंपदा खात्याकडे असते. तेव्हा दिल्लीत आणखी एक दालन उघडण्यापेक्षा मुख्य सचिवांच्या पातळीवर, या खात्यांना तारीख देऊ शकेल असा एक अधिकारी असणे मला अधिक उपयोगी वाटते.

जाता जाता अभ्यासासाठी एक गोष्ट सुचवतो. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय ऊर्जा वर्चस्व परिषद स्थापन केली. तिचा आदेश १४००८ च्या शेजारी ठेवून वाचावा. हेतू अगदी उलटे आहेत आणि तरी सल्ला, समन्वय, खात्यांमधील अडथळे दूर करणे ही भाषा ओळखीची वाटेल. फरक अध्यक्षपदात आहे: ते अंतर्गत व्यवहार मंत्री डग बर्गम यांना दिले आहे. जी सही मॅकार्थी यांना हालंड यांच्याकडे मागावी लागत असे, ती बर्गम यांच्या स्वतःच्याच हातात आहे.